सुट्टीचं भाडं

१२ एप्रिल

चि. छोटू यास,

अ. उ. आ. पन्नाशी उलटली तरी मी तुला छोटूच म्हणणार. केस पिकले म्हणून मोठा झालास असं समजू नकोस.

तुझं पत्र पोचलं. माझा गुडघा बरा आहे, जिन्याशी त्याचं पटत नाही एवढंच. इस्पितळाचे गाऊन शिवायचं काम पुन्हा सुरू झालंय. हिरव्या कापडाचे गठ्ठे पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत चढलेत आणि कुणी आलंच तर त्याला मशीनचं स्टूल द्यावं लागतं. गच्चीवरची टाकी मात्र गळतेच आहे. प्लंबर आला, टाकीभोवती फेऱ्या मारल्या, मान हलवली आणि नवी घ्या म्हणून चहा पिऊन गेला.

आता मुद्द्याचं विचारते. मागची खोली, जिथं हे रेडिओ उघडून बसायचे, ती मी गेल्या वर्षी कॉलेजातल्या एका मुलीला भाड्यानं दिली ते तुला माहीत आहे. इमारतींचे आराखडे काढायला शिकते. मूर्ती एवढीशी, आणि काखेत स्वतःपेक्षा मोठा ड्रॉइंगचा फळा. जिना चढताना खालून बघितलं की फळाच चालत आलाय असं वाटतं. म्हणून मी तिला मुंगी म्हणते. तीही ओ देते. मला मावशी म्हणते. वडील लाकडाच्या वखारीत ओझी वाहतात, आईला अधूनमधून बरं नसतं, एक धाकटा भाऊ आहे. गाव लांब, रात्रभर आणि वर दुपारपर्यंत गाडीत बसावं लागतं.

परवा ती दारात उभी राहून विचारत होती की, सुट्टीत मी घरी गेले तर त्या महिन्यांचं भाडं द्यावं लागेल का. मी सांगते म्हटलं. खरं तर जीभ नाही म्हणायला निघालीच होती, पण टाकी डोळ्यांपुढे आली. तुला व्यवहार कळतो, म्हणून विचारते. काय करू?

वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद. बहिणीची आठवण पत्र टाकण्याइतकी तरी ठेव.

तुझी ताई


१८ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस हे चांगलं केलंस, नाहीतर तू होकार देऊन मग मला कळवतेस. माझं मत स्पष्ट आहे. भाडं घे. तिचं सामान खोलीत राहणार, कुलूप तिचं राहणार, म्हणजे खोली तिचीच. दुसऱ्याला देता येणार नाही. मग नुकसान तू का सोसायचं? आमच्या विमा कचेरीत लोक वर्षभर आजारी पडत नाहीत, म्हणून काय आम्ही त्यांना हप्ता माफ करतो? घराला सुट्टी लागत नसते, ताई. टाकी मे महिन्यातही गळणारच आहे.

तुला तोंडावर सांगायला जड जात असेल तर माझ्यावर ढकल. भाऊ कडक आहे, त्याचं ऐकावं लागतं, असं सांग. मी इतक्या लांब आहे, मला कोण काय म्हणणार?

सौ. म्हणते, निदान अर्धं घ्या. मी तिला म्हटलं, अर्धं घेतलं की पुढच्या वर्षी पावही मिळणार नाही. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं.

गुडघ्याला शेक दे. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा धाकटा


२८ एप्रिल

चि. छोटू यास,

अ. उ. आ.

सांगितलं एकदाचं. तुझ्यावर ढकललं नाही. घर माझं, तर वाईटपणाही माझाच असू दे म्हटलं. मुंगी पेन्सिलीला टोक काढत होती. तिनं मान वर केली, बरोबर आहे मावशी, असं म्हणाली आणि पुन्हा टोक काढायला लागली. पेन्सिल अर्धी होईपर्यंत काढत राहिली.

मग दोन-तीन दिवसांनी स्वतःच आली आणि म्हणाली की, भाडं द्यायचंच आहे तर खोली रिकामी कशाला ठेवू, मी इथंच राहते. कोपऱ्यावरच्या बेकरीत सुट्टीपुरती काउंटरवर माणूस हवं होतं, तिथं तिनं विचारूनही ठेवलं होतं. मी विचारलं, आई वाट बघत नसेल का गं? तर म्हणाली, आई ठीक आहे, बाबांनीच लिहिलंय राहा म्हणून, शेवटी एक आठवडा जाऊन येईन.

खरं सांगू? मला आनंद झाला. हे गेल्यापासून तीन उन्हाळे मी या घरात एकटीनं काढलेत. दुपारी मशीन थांबवलं की घर असं गप्प होतं की पुन्हा चालू करावं लागतं. या वर्षी कुणीतरी असेल.

तेव्हा तुझं ऐकल्याचा पश्चात्ताप नाही. हे पत्र जपून ठेव, असं मी पुन्हा लिहिणार नाही.

तुझी ताई


२१ मे

चि. छोटू यास,

अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला, कारण मला सध्या वेळच नाही. हसू नकोस. घरात माणूस असलं की किती कामं निघतात ते मी विसरलेच होते.

मुंगी सकाळी बेकरीत जाते आणि दुपारी येताना तुटकी बिस्किटं आणि पावाच्या कडा घेऊन येते. आम्ही दोघी मशीनपाशी बसून चहात बुडवून खातो. मी शिवते, ती गाऊनांच्या नाड्या उलटवून देते. बोलत असते आणि मलाही बोलतं करते. यांच्याविषयी मी तिला इतकं सांगितलंय की परवा रेडिओ बंद पडला तेव्हा ती म्हणाली, काका असते तर आधी त्याला रागावले असते. खरंच तसंच करायचे.

स्वयंपाकघराला आम्ही रंग दिला. दोघींचीही उंची बेताची, त्यामुळे छताजवळची एक पट्टी जुनीच राहिलीय. ती तशीच ठेवायची ठरलं, उंच माणूस येईल तेव्हा बघू. तिनं माझ्या घराचा आराखडाही काढला, गच्चीवर एक खोली वाढवून. मी विचारलं, ही कुणाला? तर म्हणाली, तुम्हाला, म्हणजे म्हातारपणी उजेडात शिवता येईल. मी म्हटलं, म्हणजे आता काय तरुण आहे का मी? दोघी हसून हसून दमलो.

मधे मला तीन-चार दिवस ताप होता. तुला कळवलं नाही, तू उगाच गाडी पकडून आला असतास. तिनं सगळं केलं. आजारी माणसाला उठवून बसवताना पाठीमागे हात कुठं घालायचा, पाणी किती तोंडात द्यायचं, सगळं तिला येत होतं. घरून पत्रं येतात तिला. जिन्यातच उभी राहून वाचते आणि खिशात ठेवते. मी विचारलं की सगळे बरे आहेत म्हणते.

भाडं एक तारखेला न मागता आणून दिलं. मी टाकीसाठी ठेवलंय.

पोर माझी नव्हे हे मला कळतं. पण हा महिना बरा गेला रे. तुझ्या मायेला पात्र असलेली,

ताई


२७ मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं इतकं लांबलचक आणि इतकं खुशीतलं पत्र कित्येक वर्षांत आलं नव्हतं. सौ.नं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं.

आता कबूल कर, माझा सल्ला फळला की नाही? भाडंही मिळालं आणि सोबतही. स्वतःच्या मनाचं ऐकून तू माफ केलं असतंस, तर पोरगी गेली असती घरी आणि तू बसली असतीस मशीनचा आवाज ऐकत. व्यवहार म्हणजे नुसता रुक्षपणा नव्हे, हे आता तरी तू आणि सौ.नं, तुम्हा दोघींच्या पार्टीनं, मान्य करावं.

टाकी मोठी घे. पुढच्या वर्षीही सुट्टी येणारच आहे.

तुझा धाकटा


९ जून

चि. छोटू यास,

आज आशीर्वादाचं मागाहून. आधी लिहिते ते वाच.

मुंगीची आई गेली. परवा सकाळी बेकरीत फोन आला. बेकरीवाल्या बाई तिला सोबत घेऊन जिना चढल्या. मी मशीनवर होते. मुंगीनं मला काही सांगितलं नाही, बाईंनीच सांगितलं. ती सरळ आत गेली, पिशवीत कपडे भरले, आणि मग फळा भिंतीला टेकवला होता तो उचलून पलंगावर आडवा ठेवला. का, कुणास ठाऊक. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर ती माझ्या हातांत अशी उभी राहिली की जणू कुणी तिच्या कपड्यांचं माप घेतंय. स्टँडवर सोडायला गेले. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून समोर बघत होती.

परत येताना बेकरीवाल्या बाई बरोबर होत्या. त्यांच्याकडून मला जे कळलं ते तुला कळायला हवं.

आई नुसती अधूनमधून आजारी नव्हती. गेल्या हिवाळ्यापासून अंथरुणावर होती. फुप्फुसं गेली होती. वडिलांनी एप्रिलात पैसे पाठवले होते ते एकाच गोष्टीला पुरत होते, एक तर गाडीभाड्याला नाहीतर खोलीच्या भाड्याला. खोली सोडली तर पुढच्या वर्षी एवढ्या भाड्यात दुसरी मिळणार नाही, आणि खोली नाही तर कॉलेज नाही. म्हणून तिनं खोलीचं दिलं आणि जाण्यायेण्याचे पैसे बेकरीत कमवायला घेतले. मे संपल्यावर पगार मिळाला. त्यातून तिनं आधी माझं जूनचं भाडं दिलं. मी ते घेतलं, आणि वर हसून म्हणाले की तू माझ्यापेक्षा वेळेची पक्की आहेस. उरलेल्यात तिकीट पुरेना, म्हणून तिनं बाईंकडे उचल मागितली. बाईंनी दिली. तिकीट काढलेलं होतं. येत्या शनिवारचं.

ताप आला तेव्हा ती माझ्यापाशी बसली होती. ते सगळं ती कुठं शिकली, हे मी तिला विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं पोरगी गुणाची आहे.

मी काय केलं रे हे? तिच्या आईचा शेवटचा महिना मी घरात बसून चहात बुडवून खाल्ला.

गाऊन तसेच पडलेत. मशीनला हात लावावासा वाटत नाही.

ताई


१५ जून

ती. ताईस,

नमस्कार.

पत्र पोचलं त्या दिवशी मी कचेरीत गेलो नाही. सौ. माझ्याशी बोलत नाही, आणि तिनं बोलावं असं मलाही वाटत नाही.

ताई, तू स्वतःला लावून घेऊ नकोस. तू नाहीच म्हणणार होतीस, तसं तू लिहिलंही होतंस. मी सांगितलं. आणि सांगताना मी किती विचार केला? जेवण झालं होतं, झोप येत होती, टपालाची वेळ टळू नये म्हणून भराभर लिहिलं. वर ते विम्याचं उदाहरण. त्या मुलीला आई आहे, ती आजारी आहे, हे तुझ्या पत्रात लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि पुढं गेलो. माझ्या कामात रोज असंच वाचतो.

आणि त्यानंतर मी काय लिहिलं, तेही मला आठवतंय. ते पत्र फाडून टाक.

आता काय करता येईल ते सांग. तिच्या वडिलांच्या नावे काही पाठवू का? तू घेतलेलं भाडं परत कर, टाकीचं मी बघतो. मी येऊ का तुझ्याकडे? गप्प बसेन, पण येतो.

तुझा

छोटू


२ जुलै

चि. छोटू यास,

अ. उ. आ. येऊ नकोस अजून, काही पाठवूही नकोस. सांगते का ते.

परवा मुंगीचे वडील आले होते, तिचं सामान न्यायला. एकटेच. मला वाटलं होतं आडदांड माणूस असेल. पण तेही तिच्यासारखेच बारीक, खांद्यापाशी मात्र एका बाजूला वाकलेले. चपला जिन्यातच काढून आले. मी स्टूल दिलं, तर त्यांनी आधी ते हातानं हलवून बघितलं, एक पाय लंगडतो म्हणाले, आणि खिशातला कागद दुमडून खाली सरकवला.

मग माझे आभार मानायला लागले. मी मधे बोलायला गेले, पण त्यांनी बहुतेक गाडीत बसून सगळं जुळवून आणलं होतं. म्हणाले, मुलगी दर आठवड्याला लिहायची, तुमचंच सगळं, बिस्किटं, रंग, रेडिओ. तिची आई ते वाचून घ्यायची, पुन्हा पुन्हा. शेजारच्या बायकांना सांगायची की माझ्या मुलीला तिकडे मावशी मिळालीय. मुलीला बोलावून घेऊ का असं त्यांनी विचारलं, तर आई म्हणाली, राहू दे, तिकडं हसतेय तर हसू दे. रोज दाराकडं मात्र बघायची.

हे ते मला आभार म्हणून सांगत होते, छोटू.

मला ऐकवलं नाही. मी भाड्याचे पैसे पुढं केले, दोन्ही महिन्यांचे. त्यांनी घेतले नाहीत. खोली वापरली तर भाडं द्यायचंच, असं म्हणाले. तेव्हा मी सगळं बोलले. मी सुट्टीचं भाडं मागितलं नसतं तर ती एप्रिलातच घरी आली असती, आईपाशी राहिली असती, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, आणि म्हटलं की तुमच्याबरोबर येते, तिची माफी मागते.

त्यांनी हिरव्या गठ्ठ्यांतला एक वाकलेला गठ्ठा सरळ केला. ते माहीत आहे मला, असं म्हणाले. आणि मग जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण ते शब्द आता माझ्या डोक्यातून जायचे नाहीत. म्हणाले, "ताई, माझ्यापाशी बोललात तेवढं पुरे. तिची माफी मागू नका. तुम्ही मागितलीत की तिला ती द्यावी लागेल, आणि ती अजून लहान आहे."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

फळा, पेटी, अंथरूण, सगळं एका खेपेत घेऊन गेले. हात लावू दिला नाही. कॉलेजचं विचारलं, तर म्हणाले बघू, सध्या ती बोलत नाही.

तेव्हा तूही काही पाठवू नकोस. तुझं मन हलकं होईल, पण ते त्यांच्या घरात उतरवायला नको. आपल्याला जे झालंय ते आपल्यापाशीच ठेवू. वहिनीला माझा निरोप सांग की, छोटूशी बोल. तो वाईट नाही, आणि एकट्यानं हे ओढणं जड जातं. मला विचार.

तुझी ताई


८ जुलै

ती. मावशींस,

सा. न.

बाबा सामान घेऊन आले. तुम्ही त्यांना डबा दिलात तो आम्ही तिघांनी मिळून खाल्ला. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तिघं एका वेळी जेवलो.

इकडे घर फार मोठं झालंय. आईचा पलंग बाबांनी वखारीत नेला. त्या जागेवर कुणी बसत नाही, चालतानाही सगळे वळसा घालतात. भावाला आत्या घेऊन जाणार आहे, तिकडे शाळा जवळ आहे. बाबा म्हणतात, शिकायचं सोडायचं नाही, आईचं तेच म्हणणं होतं. मीही म्हटलं सोडणार नाही. पण इथं बसून रेष सरळ येत नाही.

मावशी, खोली दुसऱ्या कुणाला दिली नसेल तर मी येऊ का? कॉलेज उघडायला अजून वेळ आहे. मी त्याआधीच आले तर चालेल का? ते दिवसही सुट्टीचेच आहेत, तर त्यांचं भाडं देईन. बेकरीतल्या बाई पुन्हा घेतील मला, त्यांची उचलही फेडायची आहे.

उत्तर लवकर पाठवा. तुमच्या लोभातली,

मुंगी


११ जुलै

चि. मुंगीस,

अ. उ. आ.

आणखी लवकर उत्तर पाठवायचं होतं, पण दोन कागद शाई सांडून वाया गेले. माझ्या हाताला सुईची सवय, पेनाची नाही.

खोली कुणाला दिलेली नाही. ये. मिळेल त्या गाडीनं ये. कळवत बसू नकोस, मी घरीच असते. बाबांना सांग, त्यांनी ठीक केलेलं स्टूल अजून हललेलं नाही.

भाडं गेल्या वर्षीचंच, महिन्याच्या महिन्याला, कॉलेज उघडल्यापासून. आधीच्या दिवसांचं घेणार नाही. गाऊनांचं काम फार साचलंय, त्या नाड्या उलटवून दे, म्हणजे झालं. आणि स्वतःचं दिवाळं काढायला निघाले नाही मी, पण या घरात सुट्टीचं भाडं आता पडत नाही. तशी पद्धत मी बंद केली. सुट्टी लागली की बाबांकडे जायचंस, आणि नाही जावंसं वाटलं तर नाही जायचंस. दोन्ही वेळा खोली तुझीच.

आईविषयी मी काही लिहीत नाही. तुला बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तर मशीन चालू असतंच.

गाडीत खिडकी लावून घे. पोचलीस की दार वाजवत उभी राहू नकोस, उघडंच असेल.

तुझी

मावशी